पासवर्ड गल्ल्याच्या किल्लीजवळ ठेवा

*"ताई, नमस्कार. नाशिकला भांडी बाजारात आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, आजेसासऱ्यांपासूनचं. सासरे अजून काउंटरवर असतात. चार वर्षांपूर्वी मी दुकानाचं फेसबुक पेज, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब सुरू केलं. भाच्याच्या मित्रानं सगळं करून दिलं. तो आता पुण्याला नोकरीला आहे. पासवर्ड त्याच्याकडेच आहे, मला फोनवर आपोआप उघडतं. मध्ये एकाला पैसे देऊन १०,००० फॉलोअर्स घेतले. आता ११,००० दिसतात, पण पोस्टला पंधरा लाइकसुद्धा येत नाहीत. मी रोज सकाळी सुविचार टाकते, सणाला शुभेच्छा टाकते, मुलीचे दुकानातले फोटो टाकते. रात्री बारापर्यंत 'प्राइस?' विचारणाऱ्यांना उत्तरं देते. निम्मे लोक पुन्हा बोलतच नाहीत. हे म्हणतात, तेवढा वेळ काउंटरवर बसलीस तर चार गिऱ्हाइकं होतील. दुसऱ्या दुकानांची रील बघितली की रात्री रडू येतं. सिंहस्थ तोंडावर आलाय. सगळं बंद करून टाकू का?" — एक वाचक, नाशिक*

ताई, तुमचं पत्र वाचताना मी एका वाक्याशी थांबले. "पासवर्ड त्याच्याकडेच आहे, मला फोनवर आपोआप उघडतं." बंद करायचं की चालू ठेवायचं हे आपण पुढे बघू. या वाक्याचं मात्र आज रात्री दुकान वाढवायच्या आधी काहीतरी करा.

दुकानाच्या शटरची किल्ली पुण्यात राहणाऱ्या मुलाकडे ठेवलेली तुमच्या सासऱ्यांना चालली असती का? मुलगा चांगलाच असणार, त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण त्याचा नंबर बदलला, फोन हरवला किंवा त्याचंच अकाउंट कुणी पळवलं, तर तुमची चार वर्षं त्याच्याबरोबर जातील. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असा इथला नियम आहे. फोटो तुमचे, दुकान तुमचं, पण कंपनीच्या लेखी मालक तोच, ज्याचा मेल आणि नंबर तिथे नोंदवलेला आहे.

आमच्या महिला मंडळाचं असंच झालं. सहा वर्षांचे भोंडल्याचे, हळदीकुंकवाचे, सहलींचे फोटो पेजवर होते. पेज एका डिझाइनच्या दुकानानं उघडून दिलं होतं. पुढे ते दुकान बंद पडलं आणि ज्या मेलवर पेज होतं तो कुणी बघेनासं झालं. एका सकाळी पेजवर चपलांच्या जाहिराती दिसायला लागल्या आणि आम्हा सगळ्याजणींना आतून काढून टाकलेलं होतं. आमच्या दोन मैत्रिणी आता या जगात नाहीत, त्यांचे हसरे फोटो त्या चपलांच्या खाली अडकलेत. म्हणून मी एवढं कळकळीनं सांगतेय.

तर त्या मुलाला व्हिडिओ कॉल लावा आणि अर्धा तास मागून घ्या. त्याआधी दुकानाच्या नावानं नवा ई-मेल उघडा, घरातल्या कुणाचा वापरू नका. मग इन्स्टाग्रामवरचा मेल आणि मोबाइल नंबर बदलून तुमचा घाला, त्यानंतर पासवर्ड बदला. कुठकुठल्या फोनवर अकाउंट उघडं आहे याची यादी सेटिंगमध्ये दिसते. तुमचा फोन सोडून बाकी सगळीकडून लॉग आउट करा. फॉलोअर्स विकणाऱ्याला तुम्ही पासवर्ड दिला असण्याची दाट शक्यता आहे, म्हणून हे टाळू नका. टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं दुसरं कुलूप, सुरू केलं की बॅकअप कोड मिळतात. ते फोनमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण फोन गेला की तेही गेले. कागदावर लिहून गल्ल्यातल्या वहीत ठेवा.

फेसबुक पेजची गोष्ट जरा वेगळी आहे. तिथे 'पेज ॲक्सेस' मध्ये तुमच्या नावापुढे फुल कंट्रोल, म्हणजे पूर्ण ताबा, आहे का ते बघा, नसेल तर त्याच्याकडून घ्या. पेज त्याच्या किंवा त्याच्या मित्राच्या 'बिझनेस पोर्टफोलिओ'ला (धंद्याची पेजेस एकत्र सांभाळायचं फेसबुकचं खातं) जोडलेलं आहे का, हेही त्याला स्पष्ट विचारा. जोडलेलं असेल तर आधी ते तिथून मोकळं करून घ्या, नाहीतर नुसता फुल कंट्रोल मिळूनही मालकी त्यांचीच राहते. मग यजमानांनाही फुल कंट्रोल द्या. तुमचं एकटीचं अकाउंट उद्या अडकलं तर घरात दुसरी किल्ली हवी. हे झालं की त्या मुलाचे मनापासून आभार माना आणि त्याचं नाव काढा. दिवाळीला एखादी तांब्याची बाटली पाठवा, त्यानं फुकट केलं होतं.

त्यातच एक सांगून ठेवते. "तुमच्या अकाउंटवर कॉपीराइटची तक्रार आली आहे, २४ तासांत बंद होईल, इथे क्लिक करा" असा मेसेज तुम्हाला कधी ना कधी येणार. निळी खूण, इंग्रजी पत्रासारखा मजकूर, सगळं खरं वाटतं. त्या लिंकला हात लावू नका. इन्स्टाग्रामनं खरंच काही मेल पाठवला असेल तर त्याची नोंद ॲपच्या सेटिंगमध्येच सापडते, तिथे बघा. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड कुणी कितीही ओळखीच्या आवाजात मागितला तरी द्यायचा नाही. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. त्यात तासांना किंमत असते.

आता बंद करायचं का, ते.

यूट्यूब सोडून द्या. चार वर्षांत तिथे किती व्हिडिओ गेले हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण पत्रातल्या तक्रारींमध्येही त्याचं नाव नाही, त्यावरून अंदाज येतो. आहेत ते व्हिडिओ फोनमध्ये डाउनलोड करून घ्या आणि त्या वाटेला जाऊ नका. फेसबुक राहू द्या, पण त्यासाठी वेगळं काही करू नका. इन्स्टाग्रामवर टाकलेलं तिथे आपोआप जाईल अशी सोय आहे. तुमचा जीव एक ना धड भाराभर चिंध्या असा झालाय, तो आधी सोडवू. हातात ठेवायचं ते इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप बिझनेस (दुकानदारांसाठीचं वेगळं व्हॉट्सॲप) आणि तिसरं, ज्याचा तुम्ही पत्रात उल्लेखही केला नाहीत, ते गूगल मॅपवरचं दुकान.

माझ्या मते सिंहस्थासाठी हे तिसरंच सगळ्यात मोलाचं आहे. २०१५ च्या सिंहस्थानंतर माणसांचं चालणं-फिरणं फोनवर आलंय. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानाला येणारा माणूस तुमची रील बघून भांडी बाजारात येणार नाही. तो रामकुंडावर ओल्या कपड्यांत उभा असेल, गोदेचं पाणी घरी न्यायला त्याला तांब्याचा गडू हवा असेल आणि तो फोनमध्ये 'तांब्याची भांडी' शोधेल. त्या क्षणी नकाशावर तुमचं दुकान दिसलं पाहिजे, नाव पाटीवर आहे तेच, फोन नंबर चालू आणि वेळ खरी. सराफ बाजाराकडून गल्लीत वळताना काय दिसतं, तुमची पाटी कुठे आहे, आत काय मांडलंय, असे पाच-सहा फोटो टाका. माहितीत चार ओळी मराठीत आणि चार हिंदीत लिहा. दुकान खरंच तुमचं आहे याच्या पडताळणीला गूगल अनेकदा व्हिडिओ मागतं. तो रस्त्यापासून चालत गल्ल्यापर्यंत एका दमात घ्या. चांगला सौदा झाला की गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहायला सांगा, पण त्याच्या बदल्यात सूट देऊ नका. गूगलच्या नियमात ते बसत नाही, आणि तुमच्या दुकानाला त्याची गरजही नाही.

पावसाळ्यातही याचा उपयोग होईल. गोदेचं पाणी दुतोंड्या मारुतीला कुठवर लागलं हे बघून आपण नाशिककर पुराचा अंदाज घेतो, पण इगतपुरीहून किंवा सिन्नरहून निघालेल्या गिऱ्हाइकाला ते कसं कळणार? माल वरच्या माळ्यावर हलवायची धावपळ असते ना, त्यातच दोन मिनिटं काढून मॅपवर 'आज बंद' करा आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला एक ओळ लिहा. पाण्यात हेलपाटा मारून बंद शटर बघून गेलेला माणूस वर्षभर विसरत नाही.

आता इन्स्टाग्राम. सुविचार थांबवा. ते वाईट आहेत म्हणून नाही. तुमच्या गिऱ्हाइकाला ते रोज सकाळी सात-सात ग्रुपवर आलेले असतात. तुमच्या गल्लीत जे आहे ते कुणाच्याच ग्रुपवर नाही.

मी लहान असताना आई परात कल्हईला द्यायची, आणि मी तिथेच बसून राहायचे. कारागीर भट्टीवर भांडं तापवायचा. सांडशीनं फिरवत फिरवत ते पुरतं तापलं की कथलाची कांडी आतून टेकवायचा, ती लोण्यासारखी वितळायची. मग नवसागराची चिमूट, भसकन पांढरा धूर, नाकात जाणारा तो तिखट वास आणि कापसाचा बोळा गोल फिरला की काळवंडलेल्या पितळेवर चांदी पसरत जायची. शेवटी भांडं पाण्यात, चर्र. सगळा खेळ काही मिनिटांचा. ताई, तुमच्याकडे हे दर आठवड्याला होत असेल, आणि तुम्ही गुलाबाच्या चित्रावर 'शुभ प्रभात' टाकताय.

हेच दाखवा. फोन उभा धरा, आधी काच पदरानं पुसा, काजळी बसलेली असते. दाराकडून उजेड येईल असं उभं राहा. "नमस्कार मित्रांनो" पासून सुरुवात नको, कथील वितळतं तिथपासूनच व्हिडिओ सुरू होऊ दे, कारण पहिल्या दोन-तीन सेकंदांत माणूस थांबतो नाहीतर पुढे जातो. गाणं लावू नका. बिझनेस अकाउंटला सिनेमाची बहुतेक गाणी तशीही मिळत नाहीत, आणि ठोक्याच्या आवाजावर गाणं लावणं मला तरी पाप वाटतं. चाळीस सेकंद पुरे. खाली साध्या मराठीत लिहा, 'पितळेच्या परातीला कल्हई, भांडी बाजार, नाशिक', म्हणजे शोधणाऱ्याला सापडेल. आता अशा सार्वजनिक पोस्ट गूगलच्या शोधातही येऊ शकतात.

कारागिराला आधी विचारा. त्यांना चेहरा दाखवायचा नसेल तर नुसते हात दाखवा. नाव लिहिलेलं चालणार असेल तर नाव जरूर लिहा. हात त्यांचे आहेत, मान त्यांना मिळू दे.

विषय तर तुमच्याकडे वर्षभर पुरतील इतके आहेत. गुढीवर उपडा घालायचा गडू केवढा घ्यावा? अधिक महिन्यात जावयाला वाण देताना लोक काय काय नेतात? घंगाळ आणि पिंप यात फरक काय? जुनी मोड दिली तर भाव कसा धरता? लग्नाच्या रुखवतातली समई डगमगते ती का? हे प्रश्न काउंटरवर रोज येतात. तुमचे सासरे जी उत्तरं देतात ती त्यांच्याच शब्दांत, त्यांना विचारून, फोनमध्ये धरा. त्यांच्यासारखं सांगणारं माणूस कुठल्या मोठ्या शोरूमला मिळणार आहे? आठवड्याला दोन व्हिडिओ पुष्कळ झाले. एका सकाळी दोन्ही घ्या, तारीख-वेळ लावून ठेवा, ते आपोआप जातील.

एक मात्र कधीही टाकू नका. 'तांब्यातलं पाणी प्यायल्यानं अमुक रोग बरा होतो' ही चित्रं फिरत असतात, विक्रीला बरी वाटतात. दिशाभूल करणारी जाहिरात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार गुन्हा ठरते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे कुणी औषध थांबवून तुमचा तांब्या घेऊन बसलं तर? त्याऐवजी बिनकल्हईच्या तांब्या-पितळेत ताक, लिंबू, चिंच का ठेवू नये हे सांगा. आंबटानं धातू अन्नात उतरतो. हे नव्या सुनांना कुणी सांगत नाही, तुम्ही सांगितलंत तर पिढ्यान्‌पिढ्या भांडी विकणाऱ्याचं ते खरं सांगणं होईल.

विकत घेतलेल्या फॉलोअर्सचं मनाला लावून घेऊ नका, चूक झाली, संपलं. पण ते काढा. ती माणसं नाहीतच. पोस्ट ज्यांना आधी दिसली त्यांनी काय केलं, यावरून ती पुढे किती जणांना दाखवायची हे ठरतं. तुमची पोस्ट आधी भुतांच्या गर्दीत जाते आणि तिथेच विरते. रोज चहाच्या वेळी पन्नासेक काढा, एका दमात शेकड्यांनी काढलेत तर इन्स्टाग्राम काही काळ अडवून ठेवतं. काढलेल्याला कळत नाही. आकडा ११,००० वरून हजाराच्या आसपास आला की पोटात गोळा येईल. येऊ दे. नवं अकाउंट मात्र काढू नका, खरे लोक या नावाला ओळखतात.

'प्राइस?' चा त्रास निम्मा तुमच्याच हातानं ओढवलेला आहे, रागावू नका. किंमत लिहा. तांब्याचा भाव हलतो हे मला माहीत आहे, म्हणूनच तारीख घालून लिहा: वजन इतकं, मजुरीसह आजची किंमत इतकी. व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये तुमची नेहमी विकली जाणारी तीस भांडी चढवा. कुणी विचारलं की दुवा पाठवायचा. 'क्विक रिप्लाय' मध्ये पत्ता, वेळ, मोडीचा नियम, कल्हईचा दर, कुरिअरनं पाठवता की नाही, हे एकदाच लिहून ठेवलं की एका खुणेनं उत्तर जातं. रात्री आठनंतर आपोआप जाणारा संदेश लावा: 'दुकान बंद झालं आहे, सकाळी दहानंतर उत्तर देते.' शटर खाली ओढल्यावर कुणी ते वाजवलं तर तुम्ही उघडता का? मग फोनचंही तेच. ज्याला खरंच घंगाळ हवंय तो सकाळपर्यंत थांबतो.

यजमानांच्या बोलण्यात तथ्य आहे आणि नाहीही. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा काउंटरवर एक वही ठेवा. येणाऱ्या प्रत्येकाला विचारा, "आमचं दुकान कसं कळलं?" आणि एक रेघ ओढा: मॅप, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, ओळख. तीन महिन्यांनी दोघं मिळून वही बघा. मग कशाला वेळ द्यायचा ते वहीच ठरवेल. ॲपमध्ये बघायचंच असेल तर लाइक बघू नका, किती जणांनी पोस्ट दुसऱ्याला पाठवली, किती जणांनी जपून ठेवली, किती मेसेज आले ते बघा. पैसे लावून पोस्ट पुढे ढकलायची असेल तर आपल्या पायांनी चांगली चाललेली पोस्टच निवडा, आणि लाइकसाठी न लावता मेसेज येण्यासाठी लावा.

त्याच वहीत, विचारून, गिऱ्हाइकाचं नाव आणि नंबर घ्या. २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली, तेव्हा आपल्याकडच्या किती कलावंतांचे लाखो चाहते एका रात्रीत गेले ते तुम्हाला आठवत असेल. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदमच सहाएक तास बंद पडले होते. कंपनीच्या ॲपवर जमलेली माणसं कंपनीच्या मर्जीवर असतात, वहीतली तुमची. या लोकांना सणाआधी व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टनं (एकच निरोप यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा जातो) एक निरोप पाठवा, वर्षातून सहा-सात वेळा, जास्त नको. एका यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो पोचतो. म्हणून बिल देतानाच म्हणा, "नंबर सेव्ह करा हं, कल्हईची वेळ झाली की मी आठवण करीन."

मुलीचे फोटो दुकानाच्या अकाउंटवरून आज काढा. गणवेशातले आधी. दुकानाचं पान म्हणजे रस्ता आहे, कुणीही येतं-जातं. तिचं बालपण घरच्या माणसांपुरत्या खासगी अकाउंटवर राहू द्या, आणि ती मोठी झाली की तिलाच विचारा.

आणि रात्रीचं रडू. ताई, ज्या दुकानांची रील बघून तुम्ही रडता, त्यांच्याकडे कॅमेरा धरायला पगारी माणसं असतील, गल्ल्यावर दुसरं कुणी बसत असेल. तुम्ही सासऱ्यांचं जेवण, मुलीचा अभ्यास, दुकान आणि हे, सगळं एकटीनं ओढताय. ती अकाउंट महिनाभर म्यूट करा. फोन रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, उशाशी नको. महिनाभरानंही रडू थांबलं नाही तर मला परत लिहा, आणि घरात कुणाला तरी सांगा. मग ते इन्स्टाग्रामपुरतं नसेल, आणि त्यासाठी डॉक्टरांकडे जाण्यात काही कमीपणा नाही.

आज रात्री पुण्याला फोन, उद्या सकाळी मॅप. कल्हईचा व्हिडिओ पुढच्या आठवड्यात केलात तरी चालेल. टाकलात की मला कळवा. आईची ती परात अजून माझ्याकडे आहे, आतून पार काळी पडलीय. ती घेऊन मी भांडी बाजारात येईन.